नियमाने आलेली

परवा जेवणाच्या सुट्टीत इथे कॅनडात, व्हँकूवरच्या कोल हार्बरला, कोमागाता मारू जहाजाच्या स्मारकाशेजारी बसून डबा खाल्ला. भिंतीवर प्रवाशांची नावं आहेत. सिंग, सिंग, सिंग. उगीचच एखादं मराठी आडनाव शोधलं, मिळालं नाही. मग तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे आठवले. अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला आले, इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीत गेले आणि १९१५ मध्ये लाहोरला फासावर चढले. म्हणजे या किनाऱ्याच्या गोष्टीत आपणही आहोत बरं का!

३७६ हिंदी माणसांचं ते जहाज १९१४ च्या मे महिन्यात इथे आलं आणि दोन महिने अडवून जुलैत परत धाडलं, हे तुम्ही शाळेत वाचलंय. माझ्या डोक्यात घुसलाय तो त्यामागचा कॅनडाचा १९०८ चा नियम. जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून, निघण्याआधी काढलेल्या सलग तिकिटावर, प्रवास न तोडता या. बस्स. हिंदी माणसाचं नावसुद्धा नाही त्यात! नाव घेणार कसं, तेही त्याच ब्रिटिश राजाची प्रजा. पण हिंदुस्थानातून इथे सरळ येणारी बोटच नव्हती. कारकुनी अशी की कुणाला ‘नाही’ म्हणावंच लागू नये. वर आशियाई माणसाच्या खिशात २०० डॉलर हवेत, युरोपातल्याला २५ चालतील. चिन्यांच्या बाबतीत एवढा आडपडदाही नव्हता. त्यांच्याकडून रेल्वे बांधून घेतली आणि ती पुरी झाली त्याच वर्षी, १८८५ ला, त्यांच्यावर ५० डॉलरची डोईपट्टी बसवली. १९०३ मध्ये ती ५०० वर नेली.

पण इथल्या पंतप्रधानांनी २०१६ मध्ये संसदेत उभं राहून त्या जहाजाबद्दल माफी मागितली, हेही खरं. साठच्या दशकात मुंबईत ‘लुंगीवाल्यां’विरुद्ध जे उठलं, त्याबद्दल आमच्या घरात अजून ‘तेव्हा गरजच होती’ असं म्हणतात. (ते वेगळं होतं, मला मान्य आहे. कमेंटमध्ये भांडू नका.)

हे सगळं आत्ता का, तर गेल्या आठवड्यात ऑफिसातली एक बाई म्हणाली, ‘हल्ली तुमच्याकडची मुलं फारच यायला लागलीत.’ आणि लगेच, ‘तुझं वेगळं, तू नियमाने आलीस.’ मी हसले. खरं सांगते, बरं वाटलं. पॉइंट मोजून, बँकेतली शिल्लक दाखवून, दोन वर्षं वाट बघून आलेय मी. त्या पोरांना एजंट काय काय सांगून पाठवतात, मला माहीत नाही का?

त्या रात्री माझं जुनं तिकीट काढून बघितलं. मुंबईला एक, फ्रँकफर्टहून पुढचं दुसरं. वेगवेगळं काढलेलं, स्वस्त पडलं म्हणून. मधल्या चार तासांत कॉफीही प्यायले होते.

डिसेंबरात आई येतेय. तिला दोनदा विमान बदलायचंय. व्हीलचेअर सांगून ठेवलीय.