स्वयंपाकघरातला कान

“धैवत चढतोय गं!” आईनं स्वयंपाकघरातनं आवाज दिला. हात पिठात, तव्यावर भाकरी फुगलेली, आणि बाहेर माझी लेक भूप राग गात होती. तिचा ‘ध’ जरा वर लागतोय हे तंबोरा छेडत शेजारीच बसलेल्या बाबांच्याही लक्षात आलं नव्हतं.

“बाहेर येऊन बस की,” म्हटलं, तर म्हणाली, “मला इथनंच नीट ऐकू येतंय.”

सकाळपासून हे वाक्य डोक्यातनं जात नाही.

जयपूर घराण्याचे गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथं कोल्हापुरात होते. त्यांची गायकी मंजीखाँ, भूर्जीखाँ या मुलांनी पुढं नेली. ही नावं आम्हाला पाठ. पण घराघरांतलं गाणं नुसतं ऐकून सांभाळणाऱ्या बायका? आईनं तंबोरा कधी हातात घेतला नाही. तरी आमच्या घरात सगळ्यात पक्का कान तिचाच.

तुमच्या घरी असं कोण आहे?