8080 आणि त्याच्या शेजारची चिप

जुन्या आर्केड यंत्रांची (नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांची) माहिती वाचताना बहुतेकांची नजर आधी प्रोसेसरच्या नावावर आणि मेगाहर्ट्झच्या आकड्यावर जाते. माझ्या मते तेवढ्यावरून यंत्राची कुवत कळत नाही. बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी काय बसवले आहे, तेही पाहावे लागते.

टायटो या जपानी कंपनीच्या 1978 सालच्या ‘स्पेस इनव्हेडर्स’चेच घ्या, ज्यात वरून रांगेने सरकत येणारे परग्रहवासी शत्रू टिपायचे असतात. तो खेळ घडवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांच्या आधीच्या ‘वेस्टर्न गन’मध्ये प्रोसेसरच नव्हता, सगळा खेळ लॉजिक सर्किटांवर चालत असे. मिडवेने 1975 साली अमेरिकेत तोच खेळ ‘गन फाइट’ या नावाने काढताना त्यात इंटेलचा 8080 हा मायक्रोप्रोसेसर घातला आणि तो पाहून निशिकादो मायक्रोप्रोसेसरकडे वळले. ‘स्पेस इनव्हेडर्स’मधला 8080 साधारण 2 मेगाहर्ट्झवर चालतो. पडद्यावर सेकंदाला 60 फ्रेम उमटतात, तेव्हा एका फ्रेमच्या वाट्याला क्लॉकची (प्रोसेसरला ताल देणाऱ्या ठोक्यांची) सुमारे 33,000 आवर्तने येतात. एका पिक्सेलला एक बिट या हिशेबाने 256 गुणिले 224 पिक्सेलचे चित्र 7,168 बाइटांत मावते. पण एक बाइट मेमरीत लिहायलाच 7 आवर्तने लागत असल्याने अख्खा पडदा पुसायला 50,000 हून अधिक आवर्तने हवीत. म्हणजे एका फ्रेममध्ये ते शक्यच नाही.

म्हणून प्रोग्राम एका फ्रेमला एकच शत्रू सरकवतो. पूर्ण 55 जणांची फौज एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद घेते, आणि मेलेल्यांना वगळले जात असल्यामुळे शेवटचा उरलेला प्रत्येक फ्रेमला धावतो. प्रोसेसरवरचा भार हलका झाल्याने खेळाचा वेग वाढतो, असे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. वेग ठरतो तो या पाळीमुळे, आणि पाळी लावावी लागली ती 8080 च्या मर्यादेमुळे.

दुसरी अडचण बिट सरकवण्याची होती. चित्र बाइटच्या सीमेवर नेमके बसत नसेल, तर त्याचे बिट हवे तितके सरकवावे लागतात, आणि 8080 एका सूचनेत एकच बिट सरकवतो. यासाठी बोर्डावर फुजित्सूची एमबी14241 ही वेगळी चिप आहे: तिला बाइट द्यायचा, किती घरे सरकवायचे ते सांगायचे आणि तयार उत्तर वाचून घ्यायचे. एमुलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहायला शिकणारे हौशी लोक बहुधा याच यंत्रापासून सुरुवात करतात, आणि 8080 पूर्ण झाला तरी ही चिप लिहिल्याशिवाय त्यांचे चित्र जागेवर येत नाही.

नामकोने 1979 साली ‘गॅलॅक्सियन’मध्ये झेड80 हा प्रोसेसर घेतला, पण खरा फरक स्प्राइट (हलती छोटी चित्रे) आणि टाइल (पार्श्वभूमीचे ठरावीक चौकोनी तुकडे) यांच्या हार्डवेअरने पडला, प्रोसेसरने फक्त जागा सांगायची, चित्र सर्किट काढणार. ‘पॅक-मॅन’ही त्याच वळणाचा.

विल्यम्सने ‘डिफेंडर’मध्ये मात्र पडदा पुन्हा प्रोसेसरच्याच गळ्यात घातला. त्यातला मोटोरोला 6809 अवघ्या 1 मेगाहर्ट्झचा, तरी 16 बिटांची बेरीज आणि दोन स्टॅक पॉइंटर (मेमरीतल्या डेटाच्या चळतीची जागा दाखवणारे रजिस्टर) यांमुळे तो आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा बराच दमदार होता. 1982 च्या ‘रोबोट्रॉन’मध्ये पडद्यावर गर्दी वाढली, तेव्हा विल्यम्सनेही 6809 तोच ठेवला आणि चित्रे हलवायला ब्लिटर चिपा, म्हणजे चित्राचा डेटा स्वतःच मेमरीत नकलणाऱ्या चिपा, जोडल्या.