कोकरू, लॅम आणि चौदा नंबरची मेंढी

इंग्लंडच्या यॉर्कशरमधील एका प्राथमिक शाळेत, ज्यांच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही अशा लहान मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी मदतनीस म्हणून मी गेली काही वर्षे काम करत आहे. या जानेवारीत माझ्या गटात साताऱ्याच्या माण तालुक्यातून आलेली सहा वर्षांची एक मुलगी दाखल झाली. एप्रिलपर्यंत तिने वर्गात इंग्रजीचा एकही शब्द उच्चारला नव्हता. नव्या भाषेत पडलेली मुले काही आठवडे, कधी काही महिनेही, नुसती ऐकत राहतात हे मला ठाऊक होते, त्यामुळे मी तिला कधी टोकले नाही. पण मधल्या सुट्टीत माझ्याशी मराठीत अखंड बोलणारी ही मुलगी वर्गात पाऊल टाकताच मिटून जाते, हे पाहताना जीव तुटत असे.

वसंत ऋतूत इथल्या पुष्कळ शाळांमधून पाळीव प्राण्यांच्या पिल्लांची नावे शिकवली जातात. आम्हीही चित्रकार्डे काढली. 'लॅम्ब' या शब्दातला शेवटचा 'ब' लिहायचा पण उच्चारायचा नाही, 'काफ' म्हणजे वासरू लिहिताना मध्ये एक मुका 'ल' येतो, एका मेंढीला 'शीप' आणि शंभर मेंढ्यांनाही 'शीप'च म्हणायचे, आणि 'किड' म्हणजे करडू, पण वर्गातल्या पोरांनाही 'किड्स'च म्हणतात. हे सारे मोठ्यांनाही चकवणारे आहे. मादी मेंढीचे कार्ड दाखवून मी 'यू' म्हणाले, तेव्हा त्या मुलीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवून माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिले. 'यू' म्हणजे 'तू' एवढे तिला समजत होते, आणि बाई आपल्याला मेंढी का म्हणत आहेत हे तिला कळेना. त्याच दिवशी मी मनाशी ठरवले की हे शब्द मुलांनी कार्डावरून शिकण्यापेक्षा गोठ्यात शिकावेत.

शाळेपासून तासाभरावर, डेल्स या डोंगराळ भागातल्या एका खोऱ्यात, एका शेतकरी कुटुंबाचा मेंढ्यांचा गोठा आहे. आम्ही सहा मुले घेऊन तिथे गेलो. गरोदर स्त्रियांनी व्यायलेल्या मेंढ्यांजवळ जाऊ नये, कारण त्यांच्यापासून होणारे काही संसर्ग पोटातल्या बाळाला घातक ठरतात. म्हणून आमच्या एक सहकारी शाळेतच थांबल्या. गोठ्यातून बाहेर पडताना प्रत्येक मुलाचे हात साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचे, बाटलीतल्या जेलवर विसंबायचे नाही, हेही आधीच ठरले होते.

मेंढीचा गाभणकाळ सुमारे 147 दिवसांचा असतो. इथले पुष्कळ मेंढपाळ 5 नोव्हेंबरला, म्हणजे इंग्लंडभर फटाके उडतात त्या रात्री, एडके कळपात सोडतात आणि 1 एप्रिलच्या सुमारास पहिली कोकरे येतात. मोजून पाहिले, तर मधले दिवस बरोबर 147 भरतात. डोंगरावरचे लोक याहूनही थोडे उशिराचा हिशेब धरतात, कारण कोकरू जमिनीवर येईल तेव्हा गवत उगवलेले असावे लागते. आईला चारा मिळाला तर पान्हा, आणि पान्हा असला तर कोकरू.

गोठ्यात गवताच्या काडांवर लहान लहान कप्पे केलेले होते आणि प्रत्येक कप्प्यात एक मेंढी आणि तिची कोकरे. पहिले एक-दोन दिवस त्यांना असे वेगळे ठेवतात, म्हणजे आई पिल्लांना वासावरून ओळखू लागते. आम्ही पोहोचलो तेव्हा कोपऱ्यातली स्वेलडेल जातीची एक मेंढी तासाभरापूर्वीच व्यायली होती. काळे तोंड, नाकपुड्यांपाशी पांढरा पट्टा आणि वळलेली शिंगे. तिची दोन कोकरे अजून ओली, पिवळसर होती; नाळेच्या टोकाला आयोडीनचा तपकिरी डाग होता. एक जण मागचे पाय टेकून पुढच्या गुडघ्यांवर उठत होते, पडत होते, पुन्हा उठत होते, आणि आई पुटपुटल्यासारखा खोल, दबका आवाज काढत त्याला चाटत होती. शेतकरी बाईंनी निळ्या रंगाने मेंढीच्या कुशीवर आणि दोन्ही कोकरांवर 14 हा आकडा उमटवला, म्हणजे पुढे कुरणात चुकामूक झाली तरी कोण कोणाचे ते दुरूनही कळते.

माझी विद्यार्थिनी कठड्याला नाक लावून उभी होती. ती मराठीत म्हणाली, "काकू, हिला दोन झाली? आमच्याकडं एकच होतं." तिचे निरीक्षण अगदी खरे होते. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीला एका वितीला बहुधा एकच कोकरू होते. माणच्या शेजारी फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे काम केले, ते त्याचमुळे. मी तिला विचारले, "हा 'चीक' पाजतात ना तुमच्याकडेही?" त्यावर तिने असे काही पाहिले की जणू मी वेड्यासारखे विचारले होते, आणि मग कोकरू धडपडत आचळाशी कसे लावायचे, जार पडली की नाही ते कसे बघायचे, हे सगळे मला सांगून टाकले. तिचे आजोबा मेंढरे राखतात, हे मला चार महिन्यांत कधी कळले नव्हते. शिकवणारी म्हणून ही माझी उणीव होती, आणि ती मला लागली.

पलीकडच्या कप्प्यात एक एकटेच कोकरू होते. मेंढीला सड दोनच असतात, म्हणून तिळ्यांतले तिसरे कोकरू पुष्कळदा बाटलीवर वाढवावे लागते. बाईंनी कोमट दुधाची बाटली त्या मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हीज हंग्री, लव्ह." तिने बाटली थोडी उंच, तिरकी धरली, तिच्यात हवा जाऊ दिली नाही, कोकराने ढुशी मारून रबरी बोंडी तोंडात घेतली आणि त्याची शेपटी जोरजोराने हलू लागली. दूध संपल्यावर ते तिचा अंगठा चोखू लागले. तेव्हा ती बाईंकडे पाहून स्पष्ट म्हणाली, "लॅम. मोअर मिल्क."

तो मुका 'ब' तिने उच्चारला नाही. कार्डावर लिहिलेला शब्द तिने वाचलाच नव्हता. बाईंच्या तोंडून जसा ऐकला तसा तो आला. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माझे आजोबा असलं कोकरू शेळीला लावतात, हे इंग्लिशमध्ये सांगा ना." मी अर्धे वाक्य सांगितले, उरलेले तिने हातवारे करून पुरे केले. बाईंना ते चांगलेच समजले, आणि त्यांनी तिला आणखी एक बाटली दिली.

मराठीत वासरू, कोकरू, करडू, शिंगरू, रेडकू आणि लेकरू ही सारी नपुंसकलिंगी आहेत, आणि म्हणून आपण घरातल्या बाळालाही 'ते रडतं' म्हणतो. आमच्या या मुलीने पुढच्या आठवड्यात आपल्या धाकट्या भावाबद्दल वर्गात 'इट इज क्रायिंग' असे सांगितले. मी तिला इंग्रजीत मुलाला 'ही' म्हणायला शिकवले. पण त्या चुकीत मराठीतली लेकराची माया जशीच्या तशी होती, आणि तिच्या वहीत लाल रेघ ओढायला माझा हात धजला नाही.

निघण्यापूर्वी बाईंच्या वृद्ध वडिलांनी मुलांना मेंढ्या मोजण्याचे जुने आकडे ऐकवले: यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिप. इथल्या डोंगरांतले मेंढपाळ पूर्वी असेच मोजत. ते मेंढीलाही 'यू' न म्हणता 'यो' म्हणत होते, आणि त्यामुळे आमच्या वर्गातला घोळ एका क्षणात मिटला.

परतीच्या वाटेवर दगडी कुंपणांपलीकडे मेंढ्या दिसत होत्या. मागच्या बाकावर माझी विद्यार्थिनी काचेला बोट लावून मोजत होती: "यान, टान, टेथेरा, चार, पाच, सहा…"