मावशीची साखर

आज दुपारी नागपुरात महाल भागात मावशीकडे गेले होते. ओट्यावर गुळवेलीचा काढा गाळत होती आणि फ्रिजवर मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी तशीच, आठ दिवसांत एकही फोडलेली नाही. "आता कशाला गोळी? यात लिहून आहे ना बाप्पा," म्हणत तिनं मोबाईल पुढे केला.

'एकवीस दिवसांत मधुमेह मुळापासून बरा.' पूर्ण वाचलं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. 'संशोधनाने सिद्ध' चार वेळा, पण कोणाचं, कुठलं संशोधन, ते कुठेच नाही. आणि दर परिच्छेदाखाली त्याच काढ्याच्या बाटलीचं 'ऑर्डर करा'. जो सांगतोय तोच विकतोय! मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हे सांगितलं तेव्हा मावशी गप्प झाली.

घरच्या मशीनवर जेवणाआधी साखर तपासली. ३१२. आकडा बघून माझेच हात गार पडले.

गुळवेलीला मी नावं ठेवत नाही, आमच्या आजीनंही दिलीय. पण काढ्यानेही साखर उतरू शकते, गोळीसोबत घेतला तर जास्तच. म्हणून डॉक्टरांना माहीत हवं. "निसर्गाचं आहे, अपाय नाही" हे वाक्य दिसलं की मला आता भीतीच वाटते.

संध्याकाळी धंतोलीत डॉक्टरांकडे नेलं. मावशीनं ती बाटली स्वतःहून पिशवीत घातली होती, दाखवायला.