मुंग्यांचं खटलं

कोकम सरबताचा एक थेंब ओट्यावर तसाच राहू द्या आणि थोड्या वेळाने वाकून बघा. जेमतेम दीड मिलिमीटरची मुंगी. डोकं काळसर, पोट इतकं फिकं की पांढऱ्या टाइलवर नुसती डोकीच पळताहेत असं वाटतं. सरबत प्यायली की पोट आतून लालसर दिसतं. चिरडली तर खवट खोबऱ्याचा वास. शास्त्रीय नाव टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम. नाशिकच्या आमच्या सोसायटीत तिचा मुक्काम स्विचबोर्डाच्या मागे असतो आणि मेंटेनन्स ती देत नाही.

तिचं घर म्हणजे मोठं खटलं. राण्या अनेक. नवा संसार थाटायचा तर एखादी राणी थोड्या कामकरी मुंग्या नि अंडी घेऊन पायी पलीकडच्या भिंतीत जाते, आणि दोन्ही घरांत ये-जा चालूच. इतक्या सासवा असून भांड्याला भांडं लागत नाही, हे मला साखरचोरीपेक्षा जास्त खटकतं!

अर्जेंटिनाच्या मुंगीने तर यावरच मुलूख जिंकले. मायदेशी ती शेजारच्या वसाहतीशी कडाकडा भांडते. मालाबरोबर युरोपात पोचली आणि इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत तिची सुमारे ६,००० किलोमीटरची एकच वसाहत झाली. शास्त्रज्ञांनी ती २००२ साली जगापुढे मांडली. अंगावरच्या मेणचट थराचा वास जुळला की ती आपली. भाऊबंदकीत जाणारं बळ वाचतं आणि स्थानिक मुंग्या संख्येपुढेच हरतात. स्पेनच्याच कॅटलोनियात मात्र याच जातीची दुसरी वसाहत आहे. तिथली मुंगी या मोठ्या वसाहतीत आली की मरेस्तोवर मारामारी. म्हणजे अगदीच संत नाहीत.

पंचवटीच्या गावात रेघेवर विश्वास जरा जास्तच, त्यामुळे आमच्याकडे मुंग्यांचा खडू खपतो. फॅरो नावाच्या दुसऱ्या एका जातीच्या मुंग्यांवर फवारा मारला तर खटलं फुटून एकाची अनेक घरं होतात. त्यापेक्षा साखरपाण्यात किंचित बोरिक पावडर बरी. ती त्या स्वतःच राणीपर्यंत पोचवतात.

पिंपळगावचे द्राक्षबागाईतदार मामा मुंग्यांवर वेगळ्याच कारणाने चिडतात. मिलीबग, म्हणजे वेलीचा रस शोषणारा पिठ्या ढेकूण, जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. मामा म्हणतात, "खोडावर मुंगी चढताना दिसली की मी तिच्यामागे लागत नाही. आधी सुटलेली साल काढतो. मिलीबग तिथेच दडलेला असतो."