आप्पांचा डबा

यंदा पहिल्यांदा माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालले. पूर्ण वारी नाही, एकच टप्पा, तीसेक किलोमीटर, तोही ऑफिसला सुट्टी टाकून, त्यामुळे "वारी केली" म्हणायला जीभ रेटत नाही. पण आप्पा जानेवारीत गेले आणि या वर्षी कुणीतरी चालायला पाहिजे होतं. बाबा म्हणाले माझे गुडघे नाहीत, भाऊ बंगळुरात, मग उरले मी.

आप्पा म्हणजे आजोबा. बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर लोकांतून, सुभेदार म्हणून रिटायर झाले, आणि खडकीचं सेंटर जवळ म्हणून विश्रांतवाडीत दोन खोल्या बांधल्या. त्या दोन खोल्यांत किती माणसं झोपून गेलीत त्याला हिशोब नाही. गावाकडून भरतीला आलेली पोरं तर कायमचीच, पहाटे चारला उठून पळायला जायची आणि आल्यावर आजी पोळ्या लाटत बसायची. ती चिडायची, अहो हे घर आहे का लंगर! आप्पा म्हणायचे, लंगरच आहे, तू वाढ. (वाढायला ते स्वतः कधी उठलेले मला तरी आठवत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.)

१९७१ ला ते पश्चिम सीमेवर सुरुंग काढायच्या कामावर होते. लढाईबद्दल विचारलं की स्वतःचं सोडून राणेसाहेबांचं, म्हणजे रामा राघोबा राण्यांचं सांगायचे, १९४८ साली नौशेरा ते राजौरीचा रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा केला आणि परमवीरचक्र मिळालं, ते आपल्या सॅपर्सचे. स्वतःबद्दल एवढंच, की प्रॉडर, म्हणजे सुरुंग शोधायची टोकदार सळई, जमिनीत तिरका घालायचा, उभा घातला की वरून दाब पडतो आणि खेळ खल्लास. सवय अशी लागलेली की मंडईत गेले तरी खाली बघून चालायचे. पालखी आमच्या रोडवरून जायची त्या दिवशी तर पहाटेच बाहेर, रस्त्यावरच्या काचा, खिळे, खडे वेचत, लोक अनवाणी येतात म्हणून. मग दुपारभर फाटकापाशी स्टूल टाकून वारकऱ्यांच्या पायातले काटे काढत बसायचे. त्यासाठी पत्र्याचा एक डबा होता, सुया, दोऱ्याचं रीळ, कापूस, आयोडीनची बाटली.

ते गेल्यावर बाबांनी काळी ट्रंक उघडली, पांढऱ्या रंगाने नाव-नंबर घातलेली. कुणाकुणाला किती दिले याची वही सापडेल असं त्यांना वाटत होतं. वही नव्हतीच. मेडल्स, पेन्शनचे कागद आणि हा डबा. बाबा बराच वेळ ट्रंकेत बघत बसले, कारण त्यांचं एक जुनं दुखणं आहे, त्यांच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनचे पैसे आप्पांनी एका ओळखीच्याच्या बायकोच्या ऑपरेशनला दिले आणि बाबांनी डिप्लोमा केला. ती बाई वाचली. बाबा ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात, आणि दर वेळी मला कळत नाही की कौतुकाने सांगतायत का तक्रार करतायत.

तर डबा सॅकमध्ये घालून मी भवानी पेठेतून निघाले. हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरची वाट धरते आणि आपण सासवडची, तिथपर्यंत मी जोरात होते, नवे शूज, फोटो, सगळं. एकादशी होती म्हणून वाटेत जो तो साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू हातात कोंबत होता, नाही म्हणायची सोय नाही. वडकीला घाटाच्या पायथ्याशी बसले, रथाला जादा बैलजोड्या लावायचं चाललेलं, आणि शेजारी बार्शीकडच्या एक मावशी, साठीच्या पुढच्या, टाचेला हा एवढा फोड. मी मोठ्या तोऱ्यात डबा काढला, सुईत दोरा ओवला, आणि हात थरथरायला लागला.

मावशी म्हणाल्या, "अगं उभी कुटं घालतीस, आडवी घाल की." आणि सुई माझ्याकडून घेतली, तिरकी, एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढली, दोरा आतच ठेवून कात्री नाही म्हणून दातांनी तोडला. पाणी झिरपून गेलं. मग म्हणाल्या, आता तुजा पाय दाव. माझे दोन फोड त्यांनीच केले.

उठताना त्यांनी डबा बंद केला आणि सहज गाठोड्यात ठेवला. "ऱ्हाऊ दे मला, पंढरपूरपातुर लागंल." मला एकदम कसंतरी झालं. झाकणावर आप्पांनी खिळ्याने कोरलेला नंबर होता. तो नंबर माझाय असं ओरडावंसं वाटलं, खरंच. मी म्हटलं ठेवा. पण लगेच नाही म्हटलं, आणि तो मधला वेळ मावशींना कळला असणार, कारण त्यांनी जाताना माझ्या गालावरून हात फिरवला.

घाट कसा चढले विचारू नका. संध्याकाळी सासवडला समाजआरती बघितली. चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे दंड, वर केला आणि एवढा जनसागर एका क्षणात चिडीचूप, मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या. एका दिंडीची काही तक्रार होती, ते टाळ वाजवतच राहिले, ऐकून घेईपर्यंत थांबले नाहीत. आप्पा म्हणायचे, हा पालखी सोहळा सुरू करणारे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी होते, फौजी माणूस, म्हणून हे असं फॉलइन होतं. वस्तू पुकारत होते तेव्हा मी उगाच कान देऊन ऐकलं, एक पिशवी, एक चष्मा, एक मोबाईल. डबा काही हरवलेला नव्हता.

रात्री पीएमपीच्या बसने लंगडत घरी. बाबा दारातच. म्हणाले, डबा कुठाय? सांगितलं सगळं. ते स्टुलावर बसले, माझे शूज हातात घेऊन नाडी सोडवत बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

"डबाच दिलास ना? कुणाची फी नाही ना दिलीस?"