तुम्ही विचारलंत म्हणून: छ्यू चिन पळाली का नाही?

छ्यू चिन म्हणजे चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंविरुद्ध उठावाचा कट रचणारी आणि 1907 मध्ये त्यापायी मारली गेलेली क्रांतिकारक. तिचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला. सात दिवस हाताशी होते, शांघाय जवळ होतं, मग बाई पळाली का नाही? विचारणाऱ्याला बाकी सगळं ठाऊक असतं: बांधलेले पाय, दागिने विकून गाठलेलं जपान, हातात कट्यार घेतलेला तो फोटो. जाता जाता कुणीतरी 'चीनची झाशीची राणी' म्हणतंच. राणी रणात पडली, ही शाळेत पकडली गेली. उपमा तिथेच संपते.

आधी ते सात दिवस मोजू. 6 जुलै 1907 ला आनह्वेइ प्रांतातल्या आनछिंगमध्ये, पोलीस शाळेच्या समारंभात, तिच्या कटातला साथीदार श्यू शीलिन याने प्रांताचा गव्हर्नर एनमिंग याच्यावर गोळ्या झाडल्या. समारंभ खरं तर 8 तारखेला व्हायचा होता, गव्हर्नरनेच तो दोन दिवस अलीकडे आणला. उठाव फसला, श्यूचं डोकं उडवलं, काळीज काढलं. पण हे दूर शाओशिंगला, छ्यू चिन होती तिथे, कळणार कसं? छ्यू चिनला ते शांघायच्या वर्तमानपत्रांतून कळलं, तोवर 10 तारीख उजाडली होती. तिला पकडलं 13 ला. म्हणजे सात नव्हे, तीन दिवस.

त्या तीन दिवसांत तिच्या गळ्यात काय होतं तेही बघा. ती चालवत होती ती शाओशिंगची तातुंग शाळा कागदोपत्री शाळाच. शारीरिक शिक्षणाच्या नावाखाली तिथे कवायत चाले, आणि शिकायला येत गुप्त मंडळ्यांची माणसं. त्यांच्या तिने आठ तुकड्या पाडल्या होत्या. आठ चिनी अक्षरांचं एक घोषवाक्य, एकेका तुकडीला एकेक अक्षर. बेत असा: आधी चिनह्वाने उठायचं, मग छूचौने. त्यांना दाबायला हांगचौचं सैन्य बाहेर पडलं की शाओशिंगच्या लोकांनी नदी ओलांडून हांगचौ घ्यायचं. नाहीच जमलं तर चिनह्वा, छूचौवरून च्यांगशीत उतरायचं आणि पुढे आनह्वेइत श्यूला जाऊन मिळायचं. तारीख पुढे ढकलून 19 जुलै केलेली.

कागदावर झकास. पण गुप्त मंडळीतल्या माणसाला शपथ घेता येते, तारीख पाळता येतेच असं नाही. वूयीतलं बिंग आधीच फुटलं, तिथे धरपकड झाली. मग आनछिंगहून श्यूच्या भावाच्या जबानीत तिचं नाव आलं. 10 तारखेला तिच्यापुढे होता तो फुटलेला कट. त्यातली निम्मी माणसं मात्र अजून 19 ची वाट बघत होती. त्यांना निरोप द्यायचा तर तातुंगमधूनच.

पूर्वी मी यावर बेधडक सांगत असे की तिला मरायचंच होतं. पुरावाही पक्का वाटायचा. जपानहून परतल्यावर तिने वांग शत्झ या मित्राला पत्र लिहिलं होतं. 1900 पासून आपण जिवावर उदार झालो आहोत, या कामात पुरुष मेले, बाई एकही नाही, ही बायकांच्या जातीला लाज आहे, असा त्याचा आशय. यापुढे बोलायचं काय?

बोलायचं हे. हांगचौहून सैन्य निघाल्याचं कळताच शाळेत कागद नष्ट झाले, बंदुका लपवल्या गेल्या, विद्यार्थ्यांना पांगवलं गेलं. नुसतं मरायचं असेल त्याने बंदुका कशाला लपवाव्यात? पत्र 1906 च्या सुरुवातीचं आहे. दीड वर्षापूर्वीच्या वाक्यावरून 13 जुलैच्या दुपारचं मन वाचायचं, हा माझा आळस होता. तरी ते पत्र मनातून जात नाही, हेही खरं.

आणि तिच्या थांबण्याची किंमत तिने एकटीने मोजली नाही. शाळेत काही सहकारीही पकडले गेले. तिच्यावर प्रेम करणारे हे वाक्य गिळतात. मीही गिळलं आहे. मांचूंविषयीचा तिचा द्वेष निव्वळ राजकीय नव्हता, वंशाचा होता, हेही तसंच.

चौकशीत तिने कुणाचं नाव दिलं नाही. कागद पुढे केला तेव्हा फक्त 'छ्यू' लिहिलं. हे तिचं आडनाव, अर्थ शरद ऋतू. पुढे तिच्या नावावर जी ओळ अमर झाली, शरदाचा वारा, शरदाचा पाऊस, जीव नकोसा करणारी, ती मुळात थाओ तानरन या आधीच्या कवीची. बाहेर तेव्हा भर उन्हाळा होता. 15 जुलैच्या पहाटे दंडाधिकारी ली चुंगयुएकडे तिने तीन गोष्टी मागितल्या: घरच्यांना, मैत्रिणींना पत्रं लिहू द्या, कपडे उतरवू नका, डोकं टांगून ठेवू नका. पत्रं नाकारली, बाकी दोन मान्य केल्या. श्वेनथिंगखौच्या चौकात तिचा शिरच्छेद झाला. लीने तिच्या बाबतीत कच खाल्ली म्हणून त्याला पदावरून काढलं. काही महिन्यांनी त्याने गळफास घेतला.

कबुलीजबाब नाही, तरी शिक्षा. शांघायची वर्तमानपत्रं यावरून पेटली. पण तिची बाजू घेताना त्यांनी लिहिलं की ती बिचारी स्त्री-शिक्षणवाली, कटाशी तिचा संबंधच नव्हता. आठ तुकड्या बांधणाऱ्या बाईला तिच्याच कैवाऱ्यांनी निरपराध ठरवलं. तिला पकडायला लावणाऱ्या क्वेइफू या शाओशिंगच्या प्रिफेक्टने, म्हणजे तिथल्या मुख्य अधिकाऱ्याने, निदान तिला गंभीरपणे घेतलं होतं, असं म्हणायची पाळी येते.

गेली असती तर? 13 तारखेला तिचा कटातला साथीदार वांग चिनफा तिला भेटायला आला होता. तो निसटला. 1911 मध्ये, मांचू राजवट उलथवणाऱ्या क्रांतीत, माणसं घेऊन शाओशिंगमध्ये शिरला, तिथला लष्करी प्रमुख झाला, आणि 1915 साली हांगचौला प्रजासत्ताकाच्याच लोकांनी त्याला ठार केलं. तो का पळाला, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.